शेजारच्या झाडाखालचं क्रोकस
पाडव्याला श्रीखंडासाठी दुधात केशर खललं की त्या वासाने मला कोबेतली एक सकाळ आठवते. आई पहिल्यांदाच जपानला आली होती. ऊन वर आल्यावर ती फिरून परतली, तर ओच्यात जांभळी फुलं आणि त्यांत केशरी तंतू. "अरे, इथे झाडाखाली केशर उगवतंय आणि तू डब्या विकत आणतोस? म्हणे व्यापारी!" ते केशर नव्हतं. शेजारच्या आजोबांनी बियांपासून वाढवलेलं, दूरच्या डोंगररानातलं, केशराच्याच कुळातलं दुर्मिळ क्रोकस होतं ते. कित्येक वर्षांनी त्याला पहिल्यांदा कळ्या धरल्या, तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळले होते. आदल्याच दिवशी आजींनी मला बोलावून कळ्या दाखवल्या होत्या. "उद्या उमलतील, मग यांना खिडकीशी बसवते." आईच्या ओच्यातली फुलं पाहताच मी धावत त्यांच्या दाराशी गेलो. "कुठूनही आणून देतो, काय हवं ते सांगा," म्हणालो. उभा जन्म घासाघीस करणारा मी, त्या दिवशी मागतील ते द्यायला तयार होतो. आजी म्हणाल्या, "पुढच्या वर्षी येतीलच. आईंना रागावू नका." वर त्यांनीच वाकून माफी मागितली, कुंपण घातलं नाही म्हणून. खिडकीचा पडदा मात्र ओढलेला होता. आजोबा उन्हाळा लागायच्या आत गेले. अजूनही आजी रोज सकाळी मला हसून वाकतात आणि माझं डोकं फिरतं. त्या दिवशी त्या चार शब्द बोलल्या असत्या, तर मीही भांडलो असतो आणि कधीतरी ते मिटलं असतं.