वीतभर नळी

"नळी सोड. सोड म्हणते ना!"

मी नळी सोडली. दचकून हंडाही हातातून निसटला आणि सगळं पाणी चिखलात गेलं.

वैशाखातलं ऊन. भाऊसाहेबांच्या मळ्यातल्या विहिरीवर आम्ही मांगवाड्यातल्या बायका-पोरी ओळीनं उभ्या होतो. आमच्या वस्तीतली हापशी होळीच्या आसपासच कोरडी पडते. मग भाऊसाहेबांच्या मळ्याशिवाय दुसरा आसरा नाही. मोटार चालू असायची, रबरी नळीतून वांग्याला पाणी जायचं, आणि भाऊसाहेबांची बायको, सगळं गाव तिला वहिनीसाहेब म्हणतं, तिच्या मनात आलं की तीच नळी उचलून आमच्या हंड्यांवर धरायची. हंड्यांवर. हंड्यात नाही. नळीचं तोंड आणि हंड्याचं तोंड, मध्ये वीतभर अंतर राहिलं पाहिजे, हा तिथला कायदा. निम्मं पाणी हंड्यात, निम्मं आमच्या अंगावर. हे अंतर कुणी शिकवलं नाही. आमच्या बायका बसायच्याच अशा बेतानं, की नळीला धक्का लागू नये.

आजा सांगायचा, त्याच्या काळी दोराची बादली होती आणि ती वरून ओतायचे. बादली गेली, मोटार आली. अंतर तेवढंच राहिलं.

मी नुकतीच दहावीची परीक्षा दिली होती. नळीला पीळ पडला, पाणी भलतीकडेच उडायला लागलं. माझा हात आपोआप पुढे गेला. नळी धरली, सरळ केली. एवढंच केलं मी.

वहिनीसाहेबांनी सालदाराकडून विळा मागवला. माझी बोटं लागली होती तिथून थोडं मागे, दगडावर ठेवून नळी कापली. तुकडा बांधावर फेकला. उरलेल्या नळीचं तोंड धुतलं आणि पुढच्या हंड्यावर धरलं. शिवी नाही, आरडाओरडा नाही. भेंडीचं देठ काढावं तसं कापलं आणि विळा परत दिला.

"चुकलं बाई," माय हात जोडून म्हणाली. "लेकरू हाये."

"लेकरू? दहावी शिकली म्हणत होती ना तू? शाळेत हेच शिकवतेत काय?"

शाळेत हे शिकवत नाहीत. हे आम्ही घरूनच शिकून जातो. कुठं बसायचं, कुठं उभं राहायचं, कुणाच्या दारात चप्पल काढायची. मी तेवढं नीट शिकले नव्हते, माझा गुन्हा तो.

निघताना मी बांधावरचा तुकडा उचलला. का उचलला ते तेव्हा सांगता आलं नसतं. माय वाटेत म्हणाली, "फेक ते. काऊन वागवून राह्यली?" मी फेकला नाही. घरी बापाच्या हलगीशेजारी खिळ्याला अडकवला. बाप वारला तेव्हापासून ती हलगी कुणी शेकली नव्हती. दोन्ही मुकी, एका भिंतीवर.

बारावीत होते तेव्हा आमच्या दारात नळ आला.

खरंच आला. प्रत्येक घरासमोर सिमेंटचा ठोकळा, त्यातून वर आलेला पाइप, त्याला चकचकीत तोटी. वस्तीतल्या पोरांनी दिवसभर तोट्या फिरवल्या. पाणी सोडा, हवासुद्धा येत नव्हती. येणार कुठून? टाकीपासूनची लाइन मोठ्या गावाच्या शेवटच्या घरापाशी थांबली होती. पुढची जमीन तशीच होती. उकरलेलीसुद्धा नव्हती.

तोवर सरपंचाची जागा बाईसाठी राखीव निघाली होती आणि वहिनीसाहेब सरपंच झाल्या होत्या. कागदावर. खुर्चीत भाऊसाहेब बसायचे. एक दिवस ते ग्रामसेवकाला घेऊन आमच्या दारात आले. आमचंच दार का, तर ते मळ्याला लागून. सालदारानं कुंपणातून नळी ओढत आणली. तीच नळी. आमच्या तोटीच्या मागून पाइपात खुपसली, चिंध्यांनी घट्ट बांधली, आणि मळ्यात मोटार सुरू झाली.

तोटीतून धो धो पाणी.

ग्रामसेवकानं मोबाइल वर धरला. "मावशी, हंडा कमरेवर घ्या. पोरी, तू तोटीवर हात ठेव. आणि हसा जरा."

"हास व," भाऊसाहेब म्हणाले. "तुह्या दारात गंगा आणली."

माय पदर सावरून हसली. मीही हसले. फोटो झाला तेव्हा हंडा अर्धाच भरला होता. माय म्हणाली, "एवढा भरू द्या जी." तोवर मोटार बंद झाली होती. सालदारानं नळी सोडवून नेली. मळ्यात नेऊन ती धुतलेली मी कुंपणातून पाहिली.

पुढे जिल्ह्याची माहिती सांगणारी एक गुळगुळीत पुस्तिका निघाली. कॉलेजच्या वाचनालयात मी ती पाहिली. लोकसंख्या, शेती, रोजगार, राहणीमान. राहणीमानाच्या पानावर आम्ही दोघी. मायच्या कमरेवर हंडा, माझा हात तोटीवर, दोघींचे दात दिसतात. तोच फोटो आमच्या एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स होऊन लागला. त्याच फ्लेक्सखाली वस्तीतल्या बायका सकाळी मजुरीच्या जीपची वाट पाहायच्या. माय तिथं पाठ करून उभी राहायची. वर्गातल्या पोरी मला 'नळवाली' म्हणायला लागल्या. एक सर म्हणाले, तुमच्याकडे बरीच सुधारणा झाली हं. मी मान हलवली.

आम्हाला मोजायला माणसं येतात, ती उंबऱ्याबाहेर उभी राहून विचारतात. घरात किती जण, छप्पर कशाचं, काम काय करता, पाणी कुठलं. पाणी कुठलं, याची उत्तरं त्यांच्याकडे तयार असतात. विहीर, हापशी, नळ. 'वीतभर वरून' असं उत्तर त्यांच्याकडे नसतं. मग आम्ही नळात मोजले जातो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, तेव्हाची गोष्ट. चैत्र संपत आला होता, हापशी आटलेली. पुण्याहून राहणीमानाचा अभ्यास करणारी मंडळी गावात येणार होती. भाऊसाहेब आदल्या दिवशी स्वतः वस्तीत आले. आत नाही आले, रस्त्यावर उभे राहिले.

"उद्या पोरीले घरी ठेवजो. फोटोतलीच पाह्यजे. पाहुण्याइले सांगजो, पाणी रोज येते."

"हाव जी," माय म्हणाली.

"अन् परवापासून मिरच्या तोडाले ये."

मायला कितीतरी दिवस काम नव्हतं. ती रात्री मला म्हणाली, "उद्याचा दिवस नीट वाग. एकच दिवस." मी हो म्हणाले. खरंच मनात काही नव्हतं माझ्या. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर गाव म्हणालं की पोरीनं आधीच ठरवलं होतं, कॉलेजातल्या कुणीतरी डोक्यात भरवलं होतं. कुणी भरवलं नव्हतं.

सकाळी नळी आली, चिंध्या बांधल्या, वरून गोणपाट टाकलं. मग भाऊसाहेब-वहिनीसाहेबांबरोबर मंडळी आली. पुढे एक मॅडम, सुती साडी, डोक्यावर टोपी. बोलायला चांगल्या होत्या. मायला म्हणाल्या, "काय वाटतं आता? डोक्यावरचा हंडा गेला ना?"

"मले तं बाई लय बरं वाटते," माय जमिनीकडे पाहत म्हणाली.

"अगं, किती गोड बोली आहे यांची!" मॅडम मागे वळून म्हणाल्या. मागची पोरं हसली. माय खोटं बोलत होती, आणि त्यांना बोली गोड लागली.

मग त्यांनी मला तोटी सोडायला सांगितली. मी सोडली. पाणी आलं. कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. ऊन कडक होतं. मॅडमनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं, आणि ओंजळ करून प्यायला वाकल्या.

"थांबा मॅडम!" वहिनीसाहेब पुढे धावल्या. "ते नका पिऊ. तुमच्यासाठी घरून बाटल्या आणल्या."

"अहो, चांगलं आहे की पाणी."

"नको नको. हे घ्या. थंड हाये."

मॅडमना वाटलं पाहुणचार. त्यांनी बाटली घेतली.

मी तोटी धरून तशीच उभी राहिले. पाणी वहिनीसाहेबांच्याच विहिरीचं होतं. त्यांच्या मोटारीनं ओढलेलं, त्यांच्या नळीतून आलेलं. घरी त्या हेच पाणी पितात, याच पाण्यानं देव धुतात. फक्त शेवटची वीतभर वाट आमच्या तोटीतून झाली होती. तेवढ्यानं ते विटाळलं. म्हणजे नळ आला तरी तेच, उद्या लाइन आली तरी तेच, मी बी.ए. झाले तरी तेच.

मी ठोकळ्यामागे गेले. गोणपाट फेकलं. चिंध्या सोडल्या. नळी उपसली, पाणी सगळ्यांच्या अंगावर उडालं. मंडळी मागे सरली. मी नळी दोन्ही हातांनी धरून पुढे आणली. मायचा हंडा जमिनीवर होता. नळीचं तोंड मी हंड्यात घातलं. आत, बुडापर्यंत.

हंडा भरला, वरून वाहायला लागला. मळ्याच्या नळीनं इतका काठोकाठ भरलेला हंडा मी पहिल्यांदा पाहिला.

मी वहिनीसाहेबांकडे बघितलं.

"आता कापा," मी म्हणाले. "कुठून कापता? सगळीलेच हात लागला."

भाऊसाहेब हसत मॅडमना म्हणाले, "पोरीचं डोकं जरा फिरेल हाये." मॅडमनी मला विचारलं, काय झालं, कापायचं काय? मी घरात गेले, खिळ्याला अडकवलेला नळीचा तुकडा काढून आणला आणि त्यांच्या हातात दिला. सांगितलं सगळं. मॅडमनी ऐकलं. डोळ्यांत पाणीही आलं त्यांच्या. तुकडा मला परत दिला, गाडीत बसल्या आणि गेल्या. पुन्हा त्यांचा फोन नाही, चिठ्ठी नाही. पाणी त्यांच्या डोळ्यांत तेवढं आलं. वस्तीत आलं नाही.

त्या दिवसापासून मळ्याची विहीर आम्हाला बंद. मायला मिरच्या तोडायला कुणी बोलावलं नाही, वस्तीतल्या कुणालाच नाही. बायका हंडे घेऊन नाल्यापलीकडच्या झिऱ्यावर जायला लागल्या. वाळूत खड्डा करायचा, पाणी पाझरेपर्यंत बसायचं, वाटीनं भरायचं. त्या मला पाहून तोंड फिरवायच्या. शेजारची शेवंताबाई तोंडावर म्हणाली, "तुव्हा मान राह्यला, आमचे हंडे रिकामे झाले." खोटं नव्हतं ते.

मग सालदाराबरोबर निरोप आला. पोरीनं मळ्यात येऊन वहिनीसाहेबांच्या पाया पडावं. लगेच मोटार सुरू करतो.

सगळी वस्ती आमच्या दारात जमली. शेवंताबाई म्हणाली, "जाय ना माय. पाया पडल्यानं काय झिजते तुव्हं?" सगळे तेच म्हणाले. मी मायकडे पाहिलं. मला वाटलं होतं, ती तरी नको म्हणेल.

"जाय," माय म्हणाली. "माह्यासाठी जाय."

"नाही जात."

मायनं माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. बाप गेल्यावरसुद्धा तिनं कधी माझ्यावर हात उचलला नव्हता. "तुले काय," ती ओरडली, "तू शिकली, तू जाशीन निघून! आमाले इथंच मराचं हाये!"

मी रडले. पण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मायनं हंडा उचलला आणि झिऱ्याची वाट धरली. मी दुसरा हंडा घेऊन मागे निघाले. ती बोलली नाही, अजूनही धड बोलत नाही. झिऱ्यावर ती खड्ड्यात वाटी बुडवते, मी हंडा धरते. वाटी हंड्याला लागते. खणकन वाजते. मायला ते ऐकू येतं की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

मी पोलीस ठाण्यात गेले. तिथल्या माणसासमोर टेबलावर तुकडा ठेवला.

"हे काय आणलं?"

"माह्या बोटांचा विटाळ," मी म्हणाले. "लिहून घ्या."

साहेब बाहेरगावी आहेत म्हणाला, नंतर या. मी पुन्हा गेले. साहेब मीटिंगला गेलेत म्हणाला. पुन्हा गेले. आता तो मला पाहिलं की चहा प्यायला उठतो. उठू दे. बाकावर बसायला मला कुणी शिकवावं लागत नाही. आमच्या किती पिढ्या बाहेर बसून राहिल्यात. फरक एवढाच, की त्या कुणीतरी पाणी वाढेल याची वाट पाहत बसायच्या, आणि मी माझी तक्रार लिहून घेईपर्यंत बसणार आहे.

फ्लेक्स अजून थांब्यावर आहे, उन्हानं विटलाय. माय हसते, मी हसते. जानेफळच्या बाजाराला जाणारी माणसं खाली उभी राहून तंबाखू मळतात. परवा ग्रामसेवक म्हणत होता, नवा फोटो काढायचाय. त्याला सांगितलं, काढ. झिऱ्यावर ये आणि काढ. वाळूत बसलेली माझी माय काढ. तो आला नाही.

मला मळ्याचं उपकाराचं पाणी नको. टाकीपासून निघून, रस्ता उकरून, आमच्या दारातल्या तोटीपर्यंत आलेली लाइन पाहिजे. ती येईपर्यंत मी वाळू उकरून पिईन. वस्ती बोलली नाही तरी चालेल, माय बोलली नाही तरी सोसेन. नळीखाली हंडा धरून मी पुन्हा बसणार नाही. ज्या पायांशी मला बोलावलंय, ते पाय माझ्या हातांची वाट बघत झिजून जाऊ देत.