कडेची खुर्ची

काल नाटकाला पुढच्या रांगेत कडेला बसलेले गृहस्थ पहिल्या अंकातच दोनदा उठून बाहेर गेले. लोक वैतागले. मला मात्र त्यांची ती अवघडलेली चाल ओळखीची वाटली.

प्रोस्टेटचा जुनाट संसर्ग मीही खूप दिवस अंगावर काढला होता. लघवीची जळजळ, ओटीपोटात ठणका आणि कुणाला सांगायची लाज. शेवटी बायकोच म्हणाली, "अहो, सर्दी झाली की घर डोक्यावर घेता, मग हेच का लपवता?" तिनेच डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या महिनोन्महिने चालल्या, मध्ये दुखणं उलटलंही. कोमट पाण्याच्या टबात बसलं की तेवढं बरं वाटे. मग हळूहळू उतार पडला. आपलं शरीर गप्प असणं केवढं सुखाचं असतं, ते तेव्हा कळलं.

मध्यंतरात मी त्या गृहस्थांना हळूच म्हणालो, "मलाही असंच सारखं उठावं लागायचं. प्रोस्टेटचा संसर्ग होता."

ते दचकले. "मलाही तेच सांगितलंय. बरं होतं का हो?"

"वेळ लागला. पण आज अख्खा अंक बसून पाहिला."

"डॉक्टरही धीर देतात," ते हसले, "पण तुम्हाला असं उभं पाहिलं आणि जीव भांड्यात पडला."