पोट भरलेली वेल

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ रिकाम्या पोटात आहे, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नेमका तोच माझा घरमालक निघाला. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं होतं, आणि मीही नवाकोरा शिक्षक म्हणून अमडापूरला आलो होतो. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणे. मी ट्रंक खाली ठेवायच्या आत भाऊंनी मला ताटावर बसवलं. मला ताप आला की ते भाकरी आणत. ताप उतरला की त्या आनंदात दोन आणत. त्यांचे बैल इतके धष्टपुष्ट होते, की जुंपण्याआधी त्यांची समजूत काढावी लागे. शेजारच्या नवराबायकोचं वाजलं, की भाऊ मध्ये पडत ते पिठल्याचं पातेलं घेऊनच, आणि भांडण खरोखर मिटत असे.

अंगणात रॉकेलच्या कापलेल्या डब्यात त्यांनी कृष्णकमळ लावलं होतं. फांदी दिली होती रोहिणखेडच्या आक्कानं. आक्का त्यांची थोरली बहीण; आई गेल्यावर तिनंच त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. साहजिकच त्या वेलीचे लाड जावयासारखे चालत. शेणखत झालं की भिजवलेल्या पेंडीचं पाणी, ते जिरलं की ताक. वेल आमच्या कौलांवरून शेजाऱ्यांच्या कौलांवर गेली. फूल मात्र तीन वर्षांत एकही नाही. तरी आक्काच्या दर पत्राला भाऊ माझ्याकडून उत्तर लिहून घेत, की वेल फुलांनी लहडली आहे. मी लेखणी थांबवली की म्हणत, "लिवा मास्तर, पुढच्या महिन्यात खरंच होईन ते."

मग एकदा आक्काचं पत्र आलं, दुसऱ्याच्या अक्षरात. तिची वेल वाळून गेली होती आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. दिसतं आहे तोवर एकदा फुलातले पाच पांडव, म्हणजे मधले पाच पुंकेसर, मोजायचे आहेत, एवढंच तिचं मागणं होतं. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

मी चिखलीहून ओळखीच्या एका माळ्याला आणलं. त्यानं डब्यातली माती चिमटीत घेऊन हुंगली. "याले इतकं खाऊ घालता काऊन? पोट भरलं की हे निस्ती पानं काढते. खत बंद करा, फक्त पाणी द्या."

"म्हंजे घरातल्या जिवाले उपाशी मारू?" भाऊ म्हणाले.

पाणी घालायचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं, कारण स्वतःच्या हातावर त्यांचा भरवसा नव्हता. जेवताना ते वेलीकडे पाठ करून बसत. एकदा ताकाचा तांब्या घेऊन दबक्या पावलांनी निघालेल्या भाऊंना मी पकडलं. "निस्तं दाखवायले नेत होतो," ते म्हणाले.

दोन महिन्यांनी कळ्या धरल्या. एक कळी टपोरी झाली, त्या संध्याकाळी त्यांनी वेल छाटली आणि उरलेली डब्यात रोवलेल्या काठ्यांवर गुंडाळली. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही निघालो, डबा भाऊंच्या मांडीवर. चिखली मागे पडल्यावर कळी उमलू लागली. माणसं बाकांवरून उठून बघायला आली, आणि कंडक्टरनं ड्रायव्हरला गाडी जरा हळू घ्यायला सांगितलं.

रोहिणखेडला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आक्कानं डबा उन्हात ठेवायला लावला आणि फुलावर वाकून बोटानं सावकाश मोजलं. "पाची हायेत."

"आक्का, पत्रातलं सारं खोटं होतं. हे पयलंच फूल हाये."

"मले ठाऊक होतं," ती फुलावरची नजर न काढता म्हणाली. "तू कोनाले भुकेलं ठेवशीन, तवा ना ते फुलंन."

परतताना भाऊंची मांडी रिकामी होती. वेल तिथेच का ठेवली, असं मी विचारलं. "माह्याजवळ राह्यली तं मी पुन्हा खाऊ घालीन, मास्तर. माह्यानं राहवत नाई."

आज माझ्या गच्चीत कृष्णकमळाच्या चार कुंड्या आहेत. मी त्यांना बेतानं खत घालतो आणि त्या छान फुलतात. भाऊंना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लाड करकरून मला बिघडवील, असं माणूस आता कुणी उरलेलं नाही.