समोरच्यांचा पत्ता

आमचे समोरचे गेली सहा वर्षं आमच्या समोर राहतात, ही गोष्ट त्यांना सोडून साऱ्या कॉलनीला मान्य आहे. त्यांच्या मते ते जुन्या शहरातल्या शिवाजी पेठेत राहतात. कळंबा रस्त्याकडच्या आमच्या कॉलनीत फक्त झोपायला येतात. पेठेतल्या दोन खोल्या त्यांच्या धाकट्या भावाला गेल्या, मुलानं इथं बंगला बांधला, आईवडिलांना त्यात ठेवलं आणि तो नोकरीसाठी परदेशी गेला. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, दारात कढीपत्ता लावला. समोरच्यांनी त्याच सकाळी स्कूटरला किक मारली आणि "घरी जाऊन येतो" असं सांगून ते पेठेत निघून गेले. पुढची सहा वर्षं हा क्रम चुकला नाही.

कॉलनीतलं काहीही त्यांच्या पसंतीला उतरत नाही. इथलं पाणी मचूळ, इथला वारा अंगाला बाधणारा, इथली कुत्रीसुद्धा मुळमुळीत. दूध प्यायचं ते पेठेजवळच्या गंगावेशीत, म्हैस समोर उभी करून, तिथल्या तिथं धार काढलेला पेला तोंडाला लावून. "पिशवीतलं दूध म्हंजे म्हशीची झेरॉक्स, पावणं," असं ते मला सांगतात. इतक्या वर्षांच्या शेजारानंतरही मी पावणाच, कारण पेठेबाहेरचे सगळेच पावणं. केस पेठेत कापायचे, चपलेचा अंगठा पेठेत शिवायचा. एकदा त्यांची स्कूटर कॉलनीच्या तोंडाशी, बरोबर पंक्चरवाल्याच्या दुकानासमोर पंक्चर झाली. तो बिचारा आशेनं उठून उभा राहिला. समोरच्यांनी त्याला रामराम घातला आणि भर उन्हात स्कूटर ढकलत थेट पेठ गाठली. संध्याकाळी मी कारण विचारलं, तर म्हणाले, "टायर बी माणूस बघतंय की!" फुटबॉलच्या मोसमात तर विचारूच नका. पेठेचा संघ हरला की त्यांच्या घरात दोन दिवस टीव्ही लागत नाही, आणि जिंकला की आमच्या घरातला आम्हाला ऐकू येत नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा आक्षेप होता तो इथल्या पत्त्यावर. "हितं खूण काय म्हणून सांगायची? हिकडं मोकळा प्लॉट, तिकडं बी मोकळा प्लॉट! पेठंत नुसतं अर्ध्या पुतळ्यापाशी म्हणा, आंधळा बी दारात येतोय." त्यामुळे आधार कार्डापासून गॅसच्या पुस्तकापर्यंत सगळीकडे पेठेचाच पत्ता. टपाल भावाकडे यायचं आणि हे ते आणायला आनंदानं जायचे. आल्यागेल्याला मी हे रंगवून सांगायचो आणि सगळे पोट धरून हसायचे. काकू मात्र कधी हसल्या नाहीत. "चार जावांत एका नळावर चाळीस वर्सं काढली," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. "आता कुठं माझा म्हणून एक ओटा मिळालाय, तर ह्यास्नी घराचा नंबर बी ठावं न्हाय."

तो त्यांना खरोखरच ठाऊक नव्हता. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. नशिबानं समोरचे तेव्हा घरी होते. त्यांनी अँब्युलन्सला फोन लावला, पलीकडून पत्ता विचारला गेला, आणि त्यांनी खड्या आवाजात, एक अक्षर न चुकता, शिवाजी पेठेतला पत्ता सांगितला. अँब्युलन्स तत्परतेनं निघाली आणि त्यांच्या भावाच्या दारात जाऊन उभी राहिली. "अवो, हितं कोणच आजारी न्हाय," असा ड्रायव्हरचा उलटा फोन आला, तेव्हा समोरचे तो फोन हातात धरून रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. चप्पलही पायात नव्हती. "पावणं," ते म्हणाले, "ह्यास्नी जरा सांगा, आमी कुठं ऱ्हातो."

मी सांगितलं. माझ्याकडे दुचाकी, तिच्यावर काकूंना बसवणं शक्यच नव्हतं. अँब्युलन्स येईपर्यंत माझी बायको त्यांना वारा घालत होती आणि मी मनातल्या मनात या माणसाला शिव्या घालत होतो. इतका राग मला दुसऱ्या कुणाचा आल्याचं आठवत नाही. स्ट्रेचरवरून नेताना काकू अगदी बारीक आवाजात नवऱ्याला म्हणाल्या, "सहा वर्सं झाली. आता तरी पाठ करा."

काकू वाचल्या. त्या दवाखान्यातून घरी येईपर्यंत समोरच्यांनी पत्ता पाठ केला होता. रोज सकाळी गॅलरीत उभे राहून ते तो पाढ्यासारखा म्हणत आणि माझा राग हळूहळू उतरत गेला. मग एक दिवस ते आधार कार्ड घेऊन आले. त्यावरचा पत्ता बदलायचा होता. पण बंगला, विजेचं बिल, घरफाळा, सगळं मुलानं आईच्या नावावर केलेलं. यांच्या नावाचा या घरात एक चिटोरासुद्धा नाही. तेव्हा आधार केंद्रावरच्या माणसानं सांगितलं की बायकोनं लिहून द्यायला हवं. मी मजकूर तयार केला आणि काकूंना वाचून दाखवला : 'सदर व्यक्ती माझे पती असून ते माझ्यासोबत या पत्त्यावर राहतात.'

काकूंनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून ठेवलं. "ऱ्हात्यात व्हय?" त्यांनी मलाच विचारलं. "मला तर वाटलं, झोपायला येत्यात."

मी हसलो नाही. ज्यांची साधी हाक चार घरं ऐकतात, ते समोरचे इतकं हळू बोलले की मला कान द्यावा लागला.

"कर की सही. तुझ्याबिगर कुठला आलाय मला पत्ता?"

काकूंनी सही केली. दुखण्यामुळे की कशामुळे, अक्षरं जरा रेघेबाहेर गेली. दुसरा कागद आणू का, असं मी विचारलं, तर समोरच्यांनी सहीचा कागद माझ्या हातातून काढून घेतला आणि जपून घडी घालून खिशात ठेवला.