मंदिराबाहेर राहिलेल्या चपला

ती दुपार आठवली की आजही आधी ओल्या गवताचा वास येतो.

पुण्याच्या पश्चिमेला आखून वसवलेले एक उद्याननगर आमच्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत होते. सारखे रस्ते, सारखी हिरवळ, मधोमध संगमरवरी भव्य मंदिर आणि त्याला चार दिशांना चार सारखेच दरवाजे. हिंजवडीत नोकरी करणारे एक जोडपे अमरावतीकडून आलेल्या आईला दर्शनाला घेऊन गेले. आरतीच्या गर्दीत आई दिसेनाशी झाली. वय सत्तरीपुढचे, विसरण्याचा आजार, मधुमेहाचे इंजेक्शन घेतलेले आणि जेवण व्हायचे होते; साखर केव्हाही एकदम उतरली असती.

तक्रार नोंदवत असतानाच निनावी फोन आला: घरात भांडणे आहेत, सुनेला विचारा. मी सुनेला वेगळे बसवले. भांडण झाले होते, तिने कबूल केले. आईंना एकटे बाहेर सोडत नाही म्हणून. मी तेच प्रश्न फिरवून विचारत राहिले. शेवटी ती शांतपणे म्हणाली, "मॅडम, संशय जरूर घ्या, पण चौकशी गाडीत बसून करा. आईंना जेवायला उशीर होतोय."

आम्ही निघालो.

फाटकावरच्या कॅमेऱ्यांत आजी बाहेर पडताना दिसत नव्हत्या. चपला सांभाळणारी बाई म्हणाली, "आजींचं पायताण हितंच हाय की. टोकन घेऊन कुणी आलंच नाही."

म्हणजे आजी अनवाणी होत्या. मी अंगणातल्या फरशीवर तळहात टेकला, क्षणभरही ठेववेना. अनवाणी माणूस गवतच धरणार. पायरीला लागूनच हिरवळ होती ती फक्त पश्चिमेच्या दरवाजापाशी. तिथून मागच्या बाजूला गेलो, तर ओळीने उकिडव्या बसून तण काढणाऱ्या बायका. रखवालदार तिथून दोनदा गेले होते. ते भाविक शोधत होते, खुरपी नव्हे. ओळीच्या टोकाला, रेशमी पदर खोचून, आजी.

"मले बसून रायनं जमत नाही व माय," त्या सुनेला म्हणाल्या. "तू जेवली काय?"

सून तशीच ओल्या गवतात बसली आणि रडू लागली.

देवाची सेवा करायला आलेली भक्तीण समजून त्या बायकांनी आजींना आपल्या डब्यातली भाकरी खाऊ घातली होती. त्या भाकरीनेच आजी वाचल्या. आम्ही सगळ्यांना नाव, वय, वर्णन विचारत होतो. त्यांनी फक्त जेवलात का, एवढेच विचारले होते.

मी सुनेची माफी मागितली. ती म्हणाली, "तुम्ही फरशीला हात लावून पाहिलात, मॅडम. मला तेवढं पुरे."

निवृत्तीनंतरही मी त्या मंदिरात जाते. चपला ठेवताना पहिला नमस्कार त्या बाईला होतो, मग मागच्या हिरवळीला. देवापर्यंत पोचायला मला थोडा वेळ लागतो.