फादरच्या खुनाचं शूटिंग

चाललेल्या पिक्चरचे किस्से हिरो सांगतो. पडलेल्याचे प्रॉडक्शन मॅनेजर सांगतो, कारण बाकी कोणाला ते आठवायचे नसतात. आमचा तर पडण्यासाठी थिएटरपर्यंतही पोचला नाही, त्यामुळे माझ्याकडे साठा भरपूर. डोंबिवलीत कुठल्याही मुंजीला गेलो की पंगतीत कोणीतरी विचारतंच, "ते चर्चचं सांगा ना." लोक पोट धरून हसतात. हसण्यासारखं त्यात काय आहे, हे मला अजून कळलेलं नाही.

ऐंशीचं दशक संपत आलेलं. आमचा पिक्चर म्हणजे विनोदी खूनपट. गावातल्या फादरचा खून होतो आणि सगळ्या गावाकडे त्याला मारायचं काही ना काही कारण असतं. चर्च मिळालं ते कोलशेतच्या पुढे, खाडीकडच्या एका जुन्या ख्रिस्ती गावात. तिथल्या फादर सिल्वेस्टरांनी स्क्रिप्ट एका बैठकीत वाचलं, चष्मा पुसला आणि शांतपणे विचारलं, "चांगलं आहे. पण यात विनोदी काय?"

मग कळलं. चर्चशेजारचं मैदान बिल्डरला द्यावं की नाही यावरून गाव फाटलेलं. वरची आळी द्या म्हणणारी, खालची नको म्हणणारी. रविवारी सातची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, वरच्यांची, नऊची खालच्यांची. बिशपसाहेबांचा निरोप आलेला, नाताळची मिस्सा सगळ्यांनी एकत्र केली तर ठीक, नाहीतर चर्चला कुलूप आणि फादरची बदली. अर्ध्या गावाचे बाप्तिस्मे याच माणसाने केलेले, लग्नंही यानेच लावलेली. त्याला ते कुलूप बघायचं नव्हतं.

त्यामुळे त्यांची अट एकच. शेवटच्या अंत्यविधीच्या सीनला दोन्ही आळ्या एका छताखाली बसवायच्या. "माझ्या सांगण्यावरून येत नाहीत," ते म्हणाले, "तुमच्या कॅमेऱ्यासाठी येतील."

आमचा दिग्दर्शक विलास खूश झाला. त्याला आयती गर्दी मिळत होती.

*

शूटिंगला वीज घेतली वरच्या आळीतून, पाणी खालच्या आळीच्या विहिरीतून. ही अक्कल माझी. मला वाटलं, दोघांचाही मान राहील.

पहिलाच सीन पावसातला. पाणी सुरू झालं की वरचे वीज बंद करायचे. "त्यांच्या पान्यावर आमची लाईट जलनार नाय." वीज आली की खालचे पंपाचा पाइप काढून न्यायचे. दुपारपर्यंत आमचा हिरो अर्धा ओला होऊन बसलेला. शेवटी विलासने पिक्चरमधला पाऊसच काढून टाकला. खून कोरड्यात झाला.

*

खुनी कोण, हे कुठून तरी फुटलं. स्क्रिप्टमध्ये तो वरच्या आळीत राहणारा होता. संध्याकाळी फिलिप पाटील आले. वरच्या आळीचे म्होरके, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ. "आमच्यातला खुनी दाखवाल तर उद्यापासून चर्चमधी कॅमेरा नाय."

विलासने खुनी खालच्या आळीत हलवला. सकाळी खालची आळी दारात.

शेवटी खुनी डोंबिवलीचा केला. कोणाचीच हरकत नव्हती. मी डोंबिवलीचा, पण मला कोण विचारतो! फादर तेवढे म्हणाले, "चला, एका गोष्टीवर तरी दोघांचं जमलं."

*

घंटेचा किस्सा त्यानंतरचा. फादर कामासाठी ठाण्याला गेलेले. साउंडवाल्याला घंटेचा आवाज हवा होता, तोही संथ, एकेक टोल सुटा. त्या गावात घंटा तशी फक्त मयताला वाजते, हे सांगायला तिथे कोणी नव्हतं.

पाच-सात टोल पडले असतील. दोन्हीकडून माणसं धावत आली, बायका पदर खोचून, एक जण अर्ध्या दाढीचा. "कोन गेला? कोन गेला?" मी हात जोडून सांगितलं, कोणी गेलं नाही, हे शूटिंग आहे. लोकांनी श्वास सोडला.

खालच्या आळीतली एक म्हातारी मात्र हलेना. तिने वरच्यांच्या घोळक्याकडे एकवार नीट बघितलं आणि मला हळूच विचारलं, "त्यांच्यातला बी कोन नाय?"

नाही म्हटल्यावर ती घरी गेली.

*

अंत्यविधीच्या सीनला खरंच सगळं गाव आलं. ठेवणीतले कपडे घालून आलं. पण वरचे डावीकडच्या बाकांवर, खालचे उजवीकडच्या. विलास ओरडून दमला, एक माणूस जागचा उठला नाही. त्यात प्रेताचं काम करणारे नट कल्याणला नाटकाच्या प्रयोगात अडकले.

"मी झोपतो," फादर म्हणाले. "झगा माझ्याकडे आहेच."

विलासने शॉट बदलला. चेहरा नको, नुसते छातीवर जोडलेले हात घेऊ. फादर शवपेटीत आडवे झाले, डोळे मिटले.

त्या गावची एक पद्धत होती. पेटी बंद होण्याआधी प्रत्येकाने पुढे यायचं, मयताच्या हाताचं चुंबन घ्यायचं आणि त्याची माफी मागायची. सीनमध्ये आम्ही दोघा-चौघांनाच उठायला सांगितलेलं. पण पेटीत त्यांना स्वतःचे फादर दिसले आणि डावीकडचे उठले, उजवीकडचे उठले, एकच रांग झाली. खालची म्हातारी फिलिप पाटलांच्या मागे उभी. एकेक जण वाकत होता. "माफ करा, फादर." "आमचा चुकला, फादर." बायका हुंदके देत होत्या. फिलिप पाटलांना तर रडू आवरेना, ते तसेच पेटीची कड धरून उभे राहिले. आमचा कॅमेरामनही नाक ओढत होता. मी इतक्या पिक्चरना काम केलं, पण तसा सीन परत बघितला नाही.

कट झाला. विलास टाळ्या वाजवत सुटला. फादर उठून बसले. त्यांचे डोळे भरलेले होते. त्यांनी फिलिप पाटलांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सगळ्यांकडे बघत विचारलं, "मग नाताळला एकच मिस्सा धरू ना?"

फिलिप पाटलांनी हात हळूच सोडवून घेतला, डोळे पुसले.

"माफी मयताची मागलेली, फादर," ते म्हणाले. "तुमी तर उठलात."