सावरीपासून दोनशे मीटर

सान होसेच्या ऑफिसात कॉम्प्युटर मी सांभाळतो. तिथले मुख्य केसादासाहेब यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, ओरोतिना गावात एक बाई आहेत, त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर कंपनीची मेल सुरू करून द्यायची आहे. "जाऊन ये. जमेल असं वाटत नाही." 'वाटत नाही' हे ते जरा जास्तच समाधानाने म्हणाले.

त्या बाई म्हणजे एर्मेलिंदा बादिया. आमची कंपनी अननस परदेशी पाठवते. ओरोतिनाला नुसती पॅकिंगची शेड ठेवून तिथलं ऑफिस राजधानीत, सान होसेला हलवलं होतं. एर्मेलिंदाबाई जहाजाची कागदपत्रं पाहायच्या. कुठला कंटेनर कुठल्या बोटीवर चढणार हे त्यांच्या मेलवर ठरायचं. त्यांनी सांगून टाकलं, उतारवयात मी रोज बसचे धक्के खाणार नाही. "ऑफिस गेलं. मी कुठे गेले?"

नियमाप्रमाणे घरून काम करायला परवानगी होती. मात्र महिनाअखेरपर्यंत घरून मेल सुरू व्हायला हवी. नाहीतर सान होसेला या किंवा राजीनामा द्या. केसादासाहेबांना डोळ्यांसमोर बसणारं माणूस हवं होतं, म्हणून ते महिनाअखेरीची वाट बघत होते.

मी गेलो तेव्हा बाईंनी कॉम्प्युटरवरचं विणलेलं झाकण काढून घडी घालून ठेवलं आणि मला आधी कॉफी आणि ओल्या मक्याचा गरम तामाल खायला लावला. मशीन जुनं पण ठणठणीत होतं. दुपारपर्यंत सगळं बसवून झालं. राहिली ती चावी. चावी म्हणजे पेन ड्राइव्हएवढी एक वस्तू. ती लावल्याशिवाय ऑफिसबाहेरून मेल उघडत नाही. ती माझ्या हातून पाठवायची सोय नव्हती. परदेशातल्या हेड ऑफिसमधून ती थेट कर्मचाऱ्याच्या घरी कुरियरने येते. माणूस जिथे राहतो म्हणतो तिथे खरंच राहतो, याचा तोच पुरावा.

मी पत्ता विचारला. बाई कप विसळताविसळता म्हणाल्या, "सावरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास पूर्वेला, हिरवं फाटक."

ते सावरीचं झाड माझ्या जन्माआधीच वीज पडून गेलं. तिथे आता टायरवाल्याचं दुकान आहे. पण टायरवालासुद्धा आपला पत्ता 'सावरीजवळ' असाच सांगतो. आमच्याकडे घरांना क्रमांक नसतातच, माझ्या आईचं घर तर बंद पडलेल्या थिएटरपासून मोजतात. त्यामुळे मी काही विचार न करता तसंच टाइप केलं. स्क्रीनवर लाल अक्षरं आली: रस्त्याचं नाव आणि घर क्रमांक भरा.

साहेबांना फोन केला. ते म्हणाले, अडून काय बसलास, मीच इथून भरतो. त्यांनी 'चौथा रस्ता, घर क्रमांक बारा' असं ठोकून दिलं आणि मशीन खूश झालं. पुढच्या आठवड्यात पाकीट सान होसेला परत आलं: असं घर सापडत नाही. साहेबांनी बाईंना फोन लावून स्पीकर चालू केला, सगळ्या ऑफिसला ऐकू जाईल असा.

"हेड ऑफिसच्या हिशेबी तुमचं घरच नाहीये, बाई. एक तारखेपासून इकडे या."

"घर नाही तर मग हा फोन मी कुठून घेतेय, साहेब?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.

मी पुन्हा गेलो तेव्हा त्यांचा भाऊ विनिसिओ पांढरा रंग आणि ब्रश घेऊन फाटकाशी उभा होता. त्याचं म्हणणं, फाटकावर बारा लिहू, विषय संपला.

"बारा लिहिलंस तर अकरा कुठे आहे?" बाईंनी विचारलं.

"कोण विचारतंय अकरा?"

"मी विचारतेय. या घरात आई गेली, माझी पोरं झाली, सगळ्यांची पत्रं आली. आता एका खोक्याला आकडा हवा म्हणून माझ्या घराने खोटं बोलायचं?"

विनिसिओ माझ्याकडे बघून म्हणाला, हिच्याशी लहानपणापासून कुणी जिंकलेलं नाही. आणि रंगाचा डबा घेऊन गेला.

बाईंनी माझ्याकडून हेड ऑफिसच्या मदत कक्षाचा नंबर घेतला. तिकडे स्पॅनिश बोलणारी एक मुलगी होती. तिने नम्रपणे सांगितलं की सिस्टीम झाडापासून मोजलेला पत्ता घेत नाही. बाईंनी तितक्याच नम्रपणे तिला कंपनीचा कुठलाही निर्यातीचा कागद उघडायला लावला आणि माल कुठून निघाला ते मोठ्याने वाचायला सांगितलं.

मुलगी वाचू लागली. "ओरोतिना, सावरीपासून एक किलोमीटर उत्तरेला, पॅकिंगची शेड." आणि थांबली.

"ते मीच टाइप करत आलेय," बाई म्हणाल्या. "त्या पत्त्यावरून निघालेला अननस रॉटरडॅमला पोचतो. तुमचे लोक तो कापून खातात. अननस खरा, आणि त्याच झाडाच्या दुसऱ्या बाजूला राहणारी मी खोटी?"

पलीकडे मुलगी हसली. तिने आपल्या हाताने पत्ता जसाच्या तसा घातला आणि क्रमांकाच्या चौकटीत लिहिलं: नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी फाटकाबाहेर "उपे!" अशी हाक आली, म्हणजे कुणी आहे का घरात. आमच्याकडे कुणी बेल शोधत बसत नाही. कुरियरवाला ओरोतिनाचाच निघाला, आणि पहिलं पाकीट परत पाठवणाराही तोच. "एर्मेलिंदाबाई, तुमच्यासाठी होतं होय ते? वर नाव नुसतं कंपनीचं होतं," तो म्हणाला. "त्या बारा नंबरने माझी अख्खी दुपार खाल्ली. आधीच सावर लिहायची ना."

बाईंनी चावी लावली. मेल उघडली, साठलेली पत्रं भराभर खाली उतरायला लागली. त्यांनी सगळ्यात आधी केसादासाहेबांना दोन ओळी लिहिल्या: मी कामावर हजर आहे, आजची बोट भरतेय. खाली सहीच्या जागी नाव, हुद्दा, फोन, आणि त्याखाली पूर्ण पत्ता, सावरीसकट.

आता रॉटरडॅमपासून फिलाडेल्फियापर्यंत त्यांची प्रत्येक मेल ती सावर घेऊन जाते. साहेबांनी त्यांना कळवलं, कंपनीच्या सहीत घरचा पत्ता बसत नाही, काढा. त्यांनी काढला नाही. मग साहेबांनी मला बोलावलं: "तुला इथून काढता येतो ना?"

येतो. दोन क्लिकचं काम आहे. मी तसं त्यांना सांगितलं, आणि काढणार नाही हेही सांगितलं.